फीड आणि सूचनाफलक

रायपूर शहरातील तात्यापारा हा जुना भाग. या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. अशाच एखाद्या घरातील सुनेने, शाळा सुटून पंधरा वर्षे लोटल्यावर, मुक्त विद्यालयातून दहावीची परीक्षा देण्याचे ठरविले आहे असे समजू. दिवसभराची कामे आटोपली की रात्री ती मोबाइल हातात घेते. फेसबुकवर तिने आपल्या शिक्षण मंडळाचे पान 'फॉलो' केलेले आहे. मंडळाच्या संकेतस्थळावर काही नवे प्रसिद्ध झाले की त्याची खबर त्या पानावर येते, आणि पानावर आलेली प्रत्येक गोष्ट आपल्याला दिसते, अशी तिची समजूत आहे. परीक्षा-शुल्क भरण्याची मुदत केव्हा संपते एवढेच तिला हवे आहे. पडद्यावर भाचीच्या बारशाची छायाचित्रे येतात, साड्यांच्या दुकानाची जाहिरात येते, कोणी पाठविलेली भजनाची चित्रफीत येते. मंडळाची सूचना येते ती मुदत टळून चार दिवस झाल्यावर.

येथे चुकले कोण? मंडळाने सूचना वेळेवर काढली होती. ती पानावरही वेळेवर टाकली होती. तिनेही रोज न चुकता मोबाइल पाहिला होता. तरीही विलंबशुल्क भरण्याची वेळ आली. विलंबशुल्काचीही मुदत हुकली असती तर पुढच्या परीक्षेपर्यंत थांबावे लागले असते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या सार्वजनिक परीक्षा साधारणपणे एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोनदा होतात. म्हणजे एका चुकलेल्या तारखेची किंमत सहा महिने. घरातल्यांची मनधरणी करून अभ्यासाला वेळ काढणाऱ्या बाईच्या आयुष्यात सहा महिने ही लहान गोष्ट नव्हे.

या घोटाळ्याचे मूळ एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे 'फीड'. इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ चारा घालणे, भरविणे. गव्हाणीत कोणता चारा टाकायचा हे जनावर ठरवीत नाही, टाकणारा ठरवितो. उपमा फारशी गौरवाची नाही हे खरे. परंतु समाजमाध्यमांवरील फीड समजून घेण्यास ती पुरेशी आहे.

आरंभी मात्र फीड असे नव्हते. संकेतस्थळांची संख्या वाढू लागली तेव्हा वाचकांपुढे एक साधीच अडचण उभी राहिली. दहा संकेतस्थळे रोज उघडून 'आज काही नवे आहे काय' असे पाहत बसणे कंटाळवाणे होते. १९९९ साली नेटस्केप या कंपनीने त्यावर एक उपाय काढला. तो पुढे 'आरएसएस' या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याची रचना सोपी होती. संकेतस्थळ आपल्या नव्या मजकुराची एक यादी सतत तयार ठेवी: मथळा, तारीख, दोन ओळींचा गोषवारा आणि मूळ पानाचा दुवा. वाचकाच्या संगणकावरील 'रीडर' नावाची प्रणाली ठरावीक वेळाने ही यादी आणून दाखवी. त्यात जे आधी प्रसिद्ध झाले ते खाली आणि जे नंतर झाले ते वर, एवढाच क्रम असे. काही गाळले जात नसे, आणि वाचकाने न मागितलेले काही मध्ये घुसडलेही जात नसे. संकेतस्थळांच्या कोपऱ्यात दिसणारे नारिंगी रंगाचे चौकोनी चिन्ह अनेकांना आठवत असेल. ते याच सोयीचे. गूगलने २००५ मध्ये 'गूगल रीडर' नावाची अशी सेवा सुरू केली आणि जुलै २०१३ मध्ये ती बंद केली. आरएसएस मात्र संपलेले नाही. ध्वनिमुद्रित कार्यक्रमांचे भाग ऐकणाऱ्यांच्या मोबाइलवर आजही बहुधा याच मार्गाने पोहोचतात.

मधल्या काळात दुसरी एक गोष्ट घडली. सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने 'न्यूज फीड' सुरू केले. तोवर मित्राच्या पानावर काय चालले आहे हे पाहण्यासाठी त्याच्या पानावर जावे लागे. आता सर्वांच्या हालचाली एकाच पडद्यावर आपोआप येऊ लागल्या. त्या वेळी पुष्कळ वापरकर्त्यांनी त्यास विरोध केला होता. पुढे सवय झाली, आणि सवयीबरोबर गर्दीही झाली. एका व्यक्तीने शेकडो खाती फॉलो केलेली, प्रत्येक खात्यावर रोज अनेक नोंदी. एवढे सारे वाचणे कोणालाच शक्य नव्हते. तेव्हा कंपन्यांनी निवड करण्यास आरंभ केला. ट्विटरने २०१६ मध्ये निव्वळ काळानुक्रम बाजूला ठेवून 'तुम्हाला आवडेल ते आधी' असा क्रम आणला. त्याच वर्षी इन्स्टाग्रामनेही तसेच केले. फेसबुक त्या वाटेने आधीपासूनच चालले होते.

ही निवड माणूस करीत नाही, 'अल्गोरिदम' करतो. अल्गोरिदम म्हणजे यंत्राला घालून दिलेली नियमांची मालिका. एखाद्या नोंदीवर लोक किती वेळ थबकतात, किती जण तिला पसंती देतात, किती जण ती पुढे पाठवितात, पूर्वी या व्यक्तीने कोणत्या प्रकारच्या नोंदी उघडल्या, यांवरून यंत्र अंदाज बांधते आणि त्या अंदाजाप्रमाणे नोंदींची रांग लावते. माणूस पडद्यासमोर अधिक काळ बसावा हा त्यामागील हेतू असतो, कारण तो बसला तरच जाहिराती पाहतो.

आता परीक्षा-शुल्काची सूचना या रांगेत उभी करून पाहावी. 'शुल्क भरण्यासंबंधी' असा कोरडा मथळा. सोबत शिक्का मारलेल्या कागदाचे छायाचित्र. ते पाहून कोणी हसत नाही, रडत नाही, शेजारणीला दाखवीत नाही. बारशाच्या छायाचित्रापुढे तिचा टिकाव लागणे अवघड. म्हणून ती मागे पडते, आणि चार दिवसांनी केव्हातरी रांगेत तिचा क्रमांक लागतो. पुष्कळांना तर ती कधीच दिसत नाही. पान फॉलो केले म्हणजे त्यावरील सर्व काही आपल्यापर्यंत येणारच, ही समजूत येथे मोडते. फॉलो करणे म्हणजे वर्गणी भरून अंक मागविणे नव्हे. ती केवळ आवड कळविणे आहे. द्यायचे की नाही हे देणारा ठरवितो.

निवड करणे ही गोष्ट मुळातच वाईट आहे असे मात्र समजू नये. निवडीवाचून कोणतेही वृत्तपत्र वा मासिक निघत नाही. याच छत्तीसगढात, जानेवारी १९०० मध्ये, पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक निघू लागले. त्याचे संपादक माधवराव सप्रे यांची मातृभाषा मराठी होती. त्यांचे सहसंपादक रामराव चिंचोलकर आणि प्रकाशक वामन बळीराम लाखे ही नावेही मराठी घरांतलीच. आरंभी त्याची छपाई रायपुरात होत असे. महिन्यातून एकदा टपालाने अंक येई. त्यात कोणत्या पुस्तकाची समीक्षा यावी, कोणता विषय वगळावा, हे संपादकच ठरवीत. परंतु ठरविणाऱ्याचे नाव अंकावर छापलेले असे. निवड पटली नाही तर वाचक त्यांना पत्र लिहू शकत असे, भांडू शकत असे, वर्गणी बंद करू शकत असे. (वर्गणीच्या बाबतीत वाचकांनी हा अधिकार जरा सढळ हाताने वापरला असावा, आर्थिक अडचणींमुळे १९०२ च्या अखेरीस मासिक बंद पडले.) फीडच्या निवडीवर कोणाचेही नाव नसते. तिच्याकडे पत्र पाठविण्यास पत्ता नाही. शेजारी बसलेल्या दोघांच्या मोबाइलवर एकाच पानाच्या वेगवेगळ्या नोंदी दिसतात, आणि आपल्याला काय दिसले नाही हे दोघांपैकी कोणालाच कळत नाही.

याच भूमीत शंभर वर्षांनंतर एक निराळा प्रयोग झाला. त्याचा विचार केला तर फीड कसे असू शकते याची कल्पना येते. छत्तीसगढच्या वनप्रदेशात गोंडी भाषा बोलली जाते. २०११ च्या जनगणनेत देशातील गोंडी भाषकांची संख्या २९ लाखांहून अधिक होती. पण त्या भाषेत बातमी मिळण्याची सोय फार थोडी होती. अनेक गावांत इंटरनेट नव्हते, वाचता येणाऱ्यांची संख्या कमी होती. मात्र साधा मोबाइल हळूहळू पोहोचू लागला होता. हे ध्यानात घेऊन पत्रकार शुभ्रांशु चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'सीजीनेट स्वर' सुरू केले. ठरलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करावयाचा. एक आकडा दाबला की आपली बातमी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करता येते; दुसरा दाबला की इतरांनी सांगितलेल्या बातम्या ऐकता येतात. पुढे नुसता मिस्ड कॉल दिला तरी पलीकडून फोन येण्याची व्यवस्था झाली, त्यामुळे बोलणाऱ्यास खर्च पडेनासा झाला. गावचा हातपंप बंद आहे, रोजगार हमीच्या कामाची मजुरी मिळाली नाही, शाळेत गुरुजी येत नाहीत, अशा तक्रारी लोक आपल्या भाषेत सांगू लागले. संबंधित अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांकही संदेशात सांगितला जाई. मग दूरदूरचे श्रोते त्या अधिकाऱ्यास फोन करून विचारणा करीत, आणि काही ठिकाणी अडलेली कामे मार्गी लागत.

येथेही प्रत्येक ध्वनिमुद्रण जसेच्या तसे प्रसारित होत नव्हते. ते आधी कोणीतरी ऐकत असे, खातरजमा करीत असे, आणि मगच ते फोनवर व संकेतस्थळावर उपलब्ध होई. म्हणजे निवड होतीच. परंतु निवडणारी माणसे होती, आणि निवडीची कसोटी 'हे खरे आहे काय' ही होती. 'यावर लोक किती वेळ थबकतील' ही नव्हती.

मोठ्या समाजमाध्यमांना ही कसोटी लावता येत नाही, किंवा ती लावणे त्यांना परवडत नाही. त्यामुळे ते काम वाचकाकडे येते. शासकीय वा शैक्षणिक सूचनेच्या बाबतीत तर ते अटळच आहे. बातमीची निवड चालते, सूचनेची चालत नाही. दहा बातम्यांपैकी दोन वाचल्या नाहीत तरी बिघडत नाही. पण दहा सूचनांपैकी न दिसलेली एक नेमकी आपली निघू शकते.

सूचना ही पूर्वी फलकावर लागत असे. रायपुरात कचेरीच्या व्हरांड्यात, जाळीच्या दाराआड टाचलेला कागद वाचण्यास माणसे जात. नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगढ राज्य झाले आणि रायपूर राजधानी बनले. पुढे २०१२ मध्ये मंत्रालय नवा रायपूर येथे हलले. जुन्या शहरातील माणसाला फलक पाहण्यासाठी आता तिकडे जाण्याची गरज उरलेली नाही, कारण फलक संकेतस्थळावर आला आहे. मात्र तो फलकच आहे, त्याच्यापाशी जावे लागते, ही जाणीव हरवत चालली आहे. संकेतस्थळ म्हणजे फलक. फीड म्हणजे फलक पाहून आलेल्या शेजाऱ्याने वाटेत सांगितलेली गोष्ट. शेजारी भला असतो, उपयोगी असतो. पण तो विसरतो, उशिरा सांगतो आणि कधी कधी मागच्या वर्षीचे सांगतो.

मागच्या वर्षीचे सांगण्याचा प्रकार विशेष घातक आहे. २०२० साली टाळेबंदीच्या काळात राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मार्चमध्ये सुरू व्हावयाच्या परीक्षा लांबणीवर पडल्या. नंतर त्या जुलैमध्ये घेण्याचे जाहीर झाले. आणि शेवटी जुलैमध्येच त्या रद्द झाल्या. काही महिन्यांत एकाच परीक्षेविषयी तीन सूचना निघाल्या, तिन्ही अस्सल. एखाद्याच्या हाती त्यांतली दुसरी तेवढी लागली असेल, तर कागद खरा असूनही माहिती खोटी ठरली. फीडमध्ये जुनी नोंद पुन्हा वर येऊ शकते. कोणी सूचनेचे छायाचित्र कापून पाठविले असेल तर तारखेची ओळच त्यात नसते. म्हणून सूचना हाती आली की तिचा मजकूर वाचण्याआधी वरच्या कोपऱ्यातील दिनांक आणि क्रमांक पाहावा. सरकारी कागदाची भाषा रुक्ष असते हे खरे, परंतु क्रमांक आणि दिनांक लिहिण्याची त्याची जुनी सवय येथे फार उपयोगी पडते. 'दिनांक अमुकची सूचना क्रमांक तमुक याद्वारे रद्द करण्यात येत आहे' असे वाक्य असेल, तर कोणता कागद जिवंत आहे आणि कोणता मेला, हे त्यावरून कळते.

दुसरा धोका तोतयाचा. एखाद्या संस्थेचे नाव आणि बोधचिन्ह लावून कोणीही पान उघडू शकतो. एके काळी नावापुढील निळी खूण पाहून खाते खरे मानले जाई. ट्विटरने नोव्हेंबर २०२२ मध्ये ती खूण पैसे भरणाऱ्यास देण्यास सुरुवात केली. (जुलै २०२३ पासून त्याचे नाव 'एक्स' झाले.) तेथे शासकीय खात्यांना आता राखाडी खूण असते, नुसत्या निळ्या खुणेवरून संस्था ओळखता येत नाही. त्यापेक्षा संकेतस्थळाचा पत्ता अधिक भरवशाचा. पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट इन' असेल तर ते नाव केवळ शासकीय कार्यालयांनाच मिळते. 'डॉट एसी डॉट इन' हे शैक्षणिक संस्थांसाठी राखलेले आहे. 'डॉट कॉम' किंवा नुसते 'डॉट इन' मात्र कोणालाही विकत घेता येते. सर्वच अस्सल संस्था राखीव नावे वापरतात असेही नाही. अशा वेळी प्रवेशाबरोबर मिळालेल्या माहितीपुस्तिकेत छापलेला पत्ता प्रमाण मानावा, आणि तो दुव्यावर बोट ठेवून न उघडता स्वतः टंकित करावा. खऱ्या पानावरून संस्थेच्या समाजमाध्यमांतील खात्यांचे दुवे बहुधा दिलेले असतात. तेथून खात्याकडे जाणे सुरक्षित. खात्यावरून संस्थेकडे जाणे तितके नव्हे.

व्हॉट्सअ‍ॅपवरील गटांत फिरणाऱ्या मजकुराची गोष्ट आणखी निराळी. तेथे अल्गोरिदम नाही. पाठविणारा आपल्याच ओळखीचा असतो, आणि म्हणूनच त्यावर विश्वास चटकन बसतो. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. अशा घटना देशात लागोपाठ घडल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येणार नाही, अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून वारंवार पुढे पाठविला गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो. त्यावर दोन बाणांची खूण असते. परीक्षेच्या खोट्या वेळापत्रकाने कोणाचा जीव जात नसला, तरी ते याच वाटेने पसरते. केंद्र सरकारच्या नावाने फिरणाऱ्या खोट्या मजकुराची शहानिशा करण्यासाठी पत्र सूचना कार्यालयाने २०१९ मध्ये तथ्य-पडताळणीचा स्वतंत्र विभाग सुरू केला आहे. संशय आल्यास तेथे विचारता येते.

मग फीड टाकूनच द्यावे काय? तसे करण्याचे कारण नाही. त्याला ताब्यात ठेवण्याच्या काही सोयी आहेत. फेसबुकवर एखादे पान 'फेव्हरिट्स'मध्ये घातले की त्याच्या नोंदी वर दिसू लागतात. एक्सवर 'फॉलोइंग' हा विभाग निवडता येतो, त्यात केवळ आपण फॉलो केलेली खाती असतात. काही संस्थांनी २०२३ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर 'चॅनेल' उघडले आहेत. त्यांतील नोंदी काळानुक्रमे येतात. यांतील कोणतेही साधन घंटा वाजविण्यापुरते वापरावे. घंटा ऐकून उठायचे आणि फलकापाशी जायचे. घंटा वाजली नाही तरीही ठरल्या दिवशी जायचेच.

तात्यापाऱ्यातील त्या शिकणाऱ्या बाईने पुढल्या वेळी काय केले असेल? स्वयंपाकघरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दुधाचा हिशेब मांडतात त्या चौकटींतच, प्रत्येक सोमवारी एक लहानशी खूण केली असेल. त्या दिवशी भात शिजेपर्यंत मंडळाचे संकेतस्थळ उघडायचे, 'सूचना' या विभागातील सर्वांत वरची ओळ वाचायची, आणि तिचा क्रमांक व दिनांक वहीत उतरवून घ्यायचा. पुढच्या सोमवारी वरची ओळ तीच असेल तर नवे काही नाही. ओळ बदललेली असेल तर गॅस बारीक करून सगळी सूचना वाचायची.